औषध अळीच्या पोटातच विरतं

पऱ्हाटीचं, म्हणजे कापसाच्या झाडाचं, कोवळं पान उन्हाकडे धरून पाहा. टाचणीच्या टोकाएवढे काळे ठिपके दिसतील. त्या ग्रंथी, त्यांत गॉसिपॉल असतं, किडींसाठी झाडाने भरून ठेवलेलं विष. सरकीचं कच्चं तेल शुद्ध करूनच खातात ते यासाठीही. हिरवी बोंडअळी मात्र पाती-बोंडं बिनधास्त पोखरते, पुढची पिढी तुरीच्या शेंगेत डोकं घालते. शंभरावर वनस्पतींवर जगणारी ही अळी. तिच्या आतड्यात विष मोडून काढणारी विकरं, म्हणजे एन्झाइम, मुळातच असतात.

फवारलेलं औषध तिच्या लेखी आणखी एक विष. पी-४५० कुळातली विकरं त्याच्या रेणूला ऑक्सिजन जोडतात, मग तो शरीराबाहेर टाकणं सोपं जातं. चेतातंतूंपर्यंत पोचायच्या आतच औषध निकामी.

‘अळीले सवय झाली,’ असं कृषी केंद्रावर सर्रास ऐकू येतं. थोडं खरंही आहे: गॉसिपॉल खाल्लेली अळी डेल्टामेथ्रिन हे कीटकनाशक जास्त सोसते, असं प्रयोगांत दिसलंय. पण ते त्या अळीपुरतं. अख्ख्या वावरातली कीड बदलते ती निवडीने. जादा विकरं बनवणाऱ्या मोजक्या अळ्या फवारणीतून वाचतात आणि त्यांचेच पतंग पुढे शेकड्याने अंडी घालतात. ऑस्ट्रेलियातल्या याच अळीत तर शेजारची दोन जनुकं चुकीची जुळून तिसरंच तयार झाल्याचं २०१२ मध्ये उघड झालं. त्याचं विकर फेनव्हॅलरेट हे कीटकनाशक मोडतं.

गुलाबी बोंडअळी बीटीला, म्हणजे जीवाणूचं जनुक घातलेल्या कपाशीत तयार होणाऱ्या विषाला, पुरून उरली, तो प्रकार वेगळा. तिथे विष तोडलं जात नाही, ते अळीच्या आतड्यात चिकटायची जागाच बदलली.

अशा वेळी मात्रा दुप्पट करणं मला वेडेपणाच वाटतो. त्याने निवड आणखी कडक होते, आणि पंप पाठीवर घेणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो. २०१७ ला यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं दगावली होती. कंपनी बदलूनही भागत नाही, कारण डब्यावरचं नाव नवं असलं तरी आतला घटक बरेचदा तोच असतो. घटकाचा गट, म्हणजे किडीला मारायची पद्धतच, बदलणं योग्यच, पण पांढरी माशी तिथेही चकवते. तिचं एकच विकर इमिडाक्लोप्रिड मोडतं आणि अगदी वेगळ्या गटातलं पायमेट्रोझिनही.

दोष विकरांचाच का, हे तपासायची एक रीत आहे. पिपरोनिल ब्युटॉक्साइड पी-४५० ला अडवतं. प्रयोगशाळेत ते आधी देऊन मग कीटकनाशक द्यायचं. न मरणारी कीड आता मरू लागली, तर चोर सापडला.