शिळी कॅश, जुना दर: चुकीच्या शोधनिकालांची पार्श्वभूमी

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका चादरवाल्यांना फोनवर विचारलं, ‘कॅश क्लिअर केली का?’ उत्तर आलं, ‘कालच बँकेत भरली की ओ!’ विचारलं होतं ते संगणकाच्या कॅशबद्दल: एकदा आणलेली माहिती पुन्हा पटकन मिळावी म्हणून जवळ ठेवलेली प्रत.

शोधात जुना दर दिसतो, ही त्यांची तक्रार मात्र खरी होती. डबलबेड चादरीचा दर ४५० वरून ५२० केलेला. सॉफ्टवेअरमध्ये ‘५०० च्या वर’ असं शोधलं की चादर यादीत यायची, पण पुढे दर दिसायचा ४५०. यादीत काय घ्यायचं ते इंडेक्स, म्हणजे शोधासाठी बांधलेली सूची, ठरवतो; तपशील कॅशमधल्या ऑब्जेक्टमधून, म्हणजे त्या वस्तूच्या साठवलेल्या नोंदीतून येतो. इंडेक्स ताजा, ऑब्जेक्ट शिळा.

कॅशची कल्पना १९६५ च्या सुमारास ‘स्लेव्ह मेमरी’ या नावाने मांडली गेली. १९६८ मध्ये जाहीर झालेल्या आयबीएमच्या सिस्टम/३६० मॉडेल ८५ या संगणकातून ती बाजारात आली. ‘कॅश’ हे नाव सुचवलं एका नियतकालिकाच्या संपादकाने, ‘हाय-स्पीड बफर’ हे आधीचं नाव फारच रुक्ष वाटलं म्हणून. मूळ फ्रेंच क्रियापदाचा अर्थ लपवणं. पुढे झालं तेच.

खरा गुंता वेबने केला, आणि तो एका शब्दापाशी आहे: सर्व्हर पानासोबत पाठवतो ती ‘नो-कॅश’ ही सूचना. १९९७ च्या एचटीटीपी १.१ च्या (ब्राउझर आणि सर्व्हरमधल्या देवाणघेवाणीच्या नियमांच्या) मानकात याचा अर्थ सरळ होता, उत्तर कुठेही साठवू नका. १९९९ च्या सुधारित मानकात शब्द तोच राहिला, अर्थ बदलला: खुशाल साठवा, पण मूळ सर्व्हरला विचारल्याशिवाय वापरू नका. साठवायचंच नसेल तर ‘नो-स्टोअर’ हा वेगळा शब्द आधीपासून होताच. बदल तांत्रिकदृष्ट्या शहाणपणाचा होता. विचारून वापरल्याने, पान बदललं नसेल तर ते पूर्ण पुन्हा पाठवायची गरज उरत नाही. पण नाव तेच ठेवणं ही माझ्या मते सरळ चूक. ‘उधार बंद’ची पाटी लावून आत वही चालू ठेवण्यासारखं. आजही निम्म्या चर्चा दोघं या शब्दाचे दोन अर्थ धरून बसल्यामुळे लांबतात.

त्यानंतर प्रतींचे थर वाढतच गेले. सर्व्हरच्या बाजूला माहितीच्या प्रती मेमरीत ठेवणारी सॉफ्टवेअर आली: २००३ मध्ये मेमकॅशडी, २००९ मध्ये रेडिस. २०१० च्या इलॅस्टिकसर्च या शोधयंत्रणेने तर उशीर उघडपणे मान्य केला: नवी नोंद शोधात दिसायला मुळातच साधारण एक सेकंद धरलेला. सेकंदाबद्दल कुणी भांडत नाही. भांडण होतं ते ज्या प्रतीला बदल कळवलाच नाही तिच्यावरून.

चादरवाल्यांकडे नेमकं तेच झालं होतं. नवे दर एक्सेलमधून थेट डेटाबेसमध्ये चढवलेले. इंडेक्स रात्री डेटाबेसवरून पुन्हा बांधला जायचा, त्याला ५२० मिळाले. सॉफ्टवेअरच्या कॅशला कुणी सांगितलंच नाही. कुणीतरी उपाय म्हणून ‘नो-कॅश’ हेडर, म्हणजे उत्तरासोबत जाणारी ती सूचना, लावून ठेवला होता. ब्राउझर बिचारा दर वेळी इमानदारीत सर्व्हरला विचारायचा, आणि सर्व्हर दर वेळी आपल्या कॅशमधला ४५० काढून द्यायचा.