बारावीनंतर उपयोजित कला: खेड्यातल्या मुलांनी कोणते कागद कधी काढायचे

जाहिरात, पोस्टर, पुस्तकाची मांडणी, मालाचं पॅकिंग हे सगळं शिकायचं तर बीएफए (बॅचलर ऑफ फाइन आर्ट्स) उपयोजित कला हा चार वर्षांचा अभ्यासक्रम. विदर्भात त्यासाठी नागपूरला शासकीय चित्रकला महाविद्यालय आहे. बारावी कोणत्याही शाखेची चालते. सायन्स घेतलं म्हणून किंवा गावातल्या शाळेत ड्रॉइंगचे सर नव्हते म्हणून मागे फिरू नका. गुण खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के, राज्यातल्या मागासवर्गीयांना ४० टक्के लागतात.

प्रवेश राज्य सीईटी कक्षाच्या एएसी सीईटी या कला प्रवेश परीक्षेतून होतो. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि सामान्य ज्ञान असं तिचं स्वरूप. शाळेत चित्रकलेची इंटरमिजिएट ग्रेड परीक्षा दिलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. बाकीच्यांनी घरचाच पितळी गंज (भांडं), दोन वांगी आणि एक चुरगळलेला कागद खिडकीजवळ मांडावा, उजेड एकाच बाजूने येऊ द्यावा आणि सावली कुठे गडद होते ते बघत रोज पेन्सिल चालवावी. त्याला क्लास लागत नाही.

सीईटी दिली की प्रवेशाचा अर्ज झाला, असं बरेच पालक धरून चालतात. तसं नाही. निकालानंतर केंद्रीय प्रवेश प्रक्रियेची नोंदणी पुन्हा वेगळी करावी लागते. मग कागदपत्रं तपासणी, गुणवत्ता यादी, पसंतीक्रम. ही नोंदणी हुकली की चांगले गुणही कामाला येत नाहीत. मुंबईचं सर ज. जी. हे कला महाविद्यालय २०२३ मध्ये अभिमत विद्यापीठ झालं, त्याची प्रवेश सूचना स्वतंत्र बघा.

दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, टीसी, आधार, अधिवास दाखला हे सेतू केंद्रातून किंवा शाळेतून निघतं. खरा वेळ जातो जात वैधतेत, म्हणजे राखीव जागेसाठी जातीचा दाखला समितीकडून तपासून घेण्यात. तो अर्ज बारावीत असतानाच, कॉलेजच्या पत्रासह, जिल्हा पडताळणी समितीकडे टाका. अनुसूचित जमातीसाठी समिती वेगळी. ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा आणि अनुसूचित जातींना १९५० पूर्वीचा पुरावा लागतो. आजोबांच्या शाळेचा दाखल-खारीज (प्रवेश नोंदवहीचा) उतारा मिळाला नाही तर तहसीलच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीची, नक्कल मागा. आपल्याकडच्या कित्येक घरांची जातीची नोंद तिथेच सापडते. नक्कल हातात आली की नाव, आडनाव, गाव तिथल्या तिथे वाचून घ्या. एका वेलांटीच्या फरकासाठीही पुढे प्रतिज्ञापत्र मागतात. नॉन-क्रीमी लेयर मात्र फार आधी काढू नका, त्याची मुदत बघा.

खर्चाचं म्हणाल तर महाडीबीटी या राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावर कला संचालनालयाच्या योजना आहेत. राजर्षी शाहू शुल्क शिष्यवृत्तीला कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं. डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्त्यासाठी अल्पभूधारक शेतकऱ्याचा किंवा नोंदणीकृत मजुराचा दाखला जोडावा लागतो. पैसे आधार जोडलेल्या खात्यातच येतात, म्हणून मुलाच्या नावाचं खातं उघडून आधार जोडणी प्रवेशाआधीच करून घ्या.