रंगमंडप (बेळगाव परिसर)

रंगमंडप : मंदिराच्या गर्भगृहासमोरचा, नृत्य-गायन-वादनासाठी मोकळा ठेवलेला खांबांचा मंडप. कर्नाटकात यालाच नवरंग म्हणतात. मराठी बोलणाऱ्या गावांत तो सरसकट सभामंडप म्हणून ओळखला जातो. सीमाभागातल्या संगीताचा विषय निघाला की अण्णासाहेब किर्लोस्करांचे गुर्लहोसूर आणि कुमार गंधर्वांचे सुळेभावी आठवते. गाण्यासाठी बांधलेल्या जागा मात्र इथे त्यांच्याही कितीतरी शतके आधीच्या आहेत.

कल्याणीच्या चालुक्यांच्या काळात आणि त्यानंतर हा मुलूख दोन मांडलिक घराण्यांकडे होता : सौंदत्तीचे, पुढे बेळगावात म्हणजे वेणुग्रामात राजधानी हलवणारे रट्ट, आणि गोव्याचे कदंब. त्या काळच्या शिलालेखांत देवाच्या ‘अंगभोग’ आणि ‘रंगभोग’ यांसाठी दिलेल्या जमिनींचे उल्लेख येतात. अंगभोग म्हणजे स्नान, लेप, वस्त्रे. रंगभोग म्हणजे मंडपात देवापुढे होणारे नाचगाणे. गाणाऱ्या-नाचणाऱ्यांचा खर्च पूजेच्याच हिशेबात धरलेला असे, हे या वास्तूकडे पाहताना विसरता येत नाही.

रंगमंडपाचा गाभा चौरस असतो. मध्ये चार मोठे खांब, त्यांच्यामधली जमीन नर्तनासाठी, काही ठिकाणी तिथे गोल रंगशिळा. उघड्या मंडपांत कडेने कक्षासन, म्हणजे पाठ टेकायला किंचित बाहेर कललेला दगडी कठडा. श्रोते तिथे बसत. खांब कातलेले. त्यासाठी मऊ, बारीक कणांचा दगड लागे. तो फिरवून त्यावर कड्या आणि घंटेचे आकार काढले जात. ही कल्याणी चालुक्यांच्या कारागिरांची खास खूण.

छताची करामत वेगळीच. कमान न वापरता दगडाचा एकेक थर थोडा आत सरकवत वर्तुळ लहान करत न्यायचे आणि माथ्यावर कोरीव शिळेने मिटवायचे. बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्तीत या पद्धतीने केलेले पाकळ्यांचे भव्य कमळ मंडपाच्या डोक्यावर लोंबते. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बीचिराज याने 1204 मध्ये ही जैन वास्तू उभारली. या परिसरातले सर्वांत देखणे छत हेच, असे म्हणायला हरकत नाही.

शैलींची सरमिसळ खरी दिसते ती मंडप आणि शिखर एकत्र पाहिल्यावर. खाली चालुक्य घाटाचे खांब, भिंतींवर द्राविड, म्हणजे दक्षिणी पद्धतीचे अर्धस्तंभ, तर वर कदंबांचे पायऱ्यापायऱ्यांनी निमुळते होत जाणारे शिखर. खानापूर तालुक्यातील हलशी, कदंबांची जुनी पलाशिका, इथल्या भूवराह-नरसिंह मंदिरात दोन गर्भगृहे समोरासमोर आहेत आणि मंडप त्यांच्या मधोमध येतो. कित्तूरजवळच्या देगावचे कमलनारायण मंदिर बाराव्या शतकातले, कदंब राजा शिवचित्त पेर्माडीची राणी कमलादेवी हिच्या नावाशी जोडलेले. तिथे तीन गर्भगृहे एका ओळीत असल्याने मंडप आडवा पसरला आहे. सौंदत्ती तालुक्यात हूलीचे पंचलिंगेश्वर मंदिरही याच परंपरेतले. अशा वास्तूंना नागर (उत्तरेकडची शैली) किंवा द्राविड असा एकच शिक्का मारण्याची घाई अभ्यासकांनी केली तर हातात फारसे काही लागत नाही. घाटाखालून कोकण-गोव्याकडे आणि पूर्वेला मलप्रभेच्या खोऱ्याकडे जाणाऱ्या वाटा इथे मिळत. कारागीर आणि शैली दोन्ही त्या वाटांनी फिरल्या.

पुढच्या काळात मंडपांचे सुटे भागही नव्या इमारतींत गेले. किल्ल्यातीलच सफा मशिदीत जुन्या मंदिरांचे कोरीव, लेख असलेले खांब बसवलेले आहेत. गावोगावच्या मंदिरांत दगडी मंडपाला लाकडी खांबांची, कौलांची किंवा पत्र्याची पुढची पडवी जोडली गेली; एकादशीचे भजन आणि सप्ताहाचे कीर्तन आता बहुधा तिथेच होते. जीर्णोद्धारात खांबांवर तैलरंग चढतो आणि जमिनीवर गुळगुळीत फरशी येते. रंगशिळा असलीच तर ती त्याखाली झाकली जाते, म्हणून काम काढण्यापूर्वी मंडपाची जमीन मोजून, चित्रित करून ठेवणे अत्यावश्यक आहे.