वळणावरचा भार आणि गाडीची चाकोरी

गेल्या रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये भाच्याने गाडी जॅकवर घेतली होती. छोटी हॅचबॅक, चार वर्षं जुनी. मागची दोन्ही चाकं काढून भिंतीला टेकवलेली आणि खाली वर्तमानपत्रावर ॲल्युमिनियमच्या दोन चकचकीत चकत्या. 20 मिलिमीटर जाडीचे स्पेसर. हब (चाक ज्यावर बोल्टने बसतं तो भाग) आणि चाक यांच्यामध्ये ही चकती बसवली की चाक तेवढं बाहेर येतं. "मामा, मागून रुंद झाली की गाडी रस्त्याला चिकटते. ताम्हिणीत बघ कशी वळवतो आता!" विकणाऱ्याने त्याला हेच सांगितलं होतं.

बैठक रुंद तर स्थैर्य जास्त, हे आपण सगळेच शाळेत शिकलो. त्यामुळे यात चूक काय, हे समजावताना माझा चहा निवला.

डाव्या आणि उजव्या चाकांमधल्या अंतराला गाडीवाले ट्रॅक म्हणतात. मराठीत त्यासाठी सुरेख शब्द आधीपासून आहे: चाकोरी. बैलगाडीच्या चाकांनी मातीत पाडलेली जोडवाट. बैलगाडीला चाकोरी एकच, मोटारीला मात्र दोन, पुढची आणि मागची, आणि त्या सारख्याच असतात असं नाही. जुन्या मारुती 800ची पुढे 1215 मिलिमीटर आणि मागे 1200. टाटा नॅनोची 1325 आणि 1315. तुमच्या गाडीची मोजायची असेल तर डाव्या टायरच्या बाहेरच्या कडेला ओळंबा सोडा आणि फरशीवर खडूने खूण करा. उजव्या टायरच्या आतल्या कडेला तशीच दुसरी खूण. मध्ये टेप धरला की झालं. दोन्ही टायर सारखेच रुंद असल्यामुळे हे अंतर आपोआप मध्यापासून मध्यापर्यंत येतं.

आता वळण. गाडी डावीकडे वळते तेव्हा डाव्या चाकांवरचा काही भार उजव्या चाकांवर जातो. किती, ते चार गोष्टींवर ठरतं: गाडीचं वजन, वळण किती कडक घेतलं, गुरुत्वमध्याची उंची आणि चाकोरी. पहिल्या तीन गोष्टींचा गुणाकार करा आणि चाकोरीने भागा. समजा माणसांसकट गाडी 900 किलोची, गुरुत्वमध्य 55 सेंटिमीटरवर, चाकोरी 135 सेंटिमीटर. 50 मीटर त्रिज्येचं वळण ताशी 50 किलोमीटरने घेतलं, तर आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जवळजवळ 144 किलो भार सरकतो. चारही चाकांना भाच्यासारखे स्पेसर लावून चाकोरी 4 सेंटिमीटरने वाढवली, तर सरकतो सुमारे 140 किलो. फरक चार-पाच किलोंचा. उलट, टपावरच्या कॅरिअरवर 40 किलो सामान बांधलं तर हाच आकडा 160च्या पुढे जातो. चाकोरी रुंद करण्यापेक्षा टपावरची बॅग डिकीत टाकणं किती स्वस्त, हे यावरून कळेल.

पण भार सरकला म्हणून बिघडलं काय? डावीकडचा गेला तो उजवीकडे आला, बेरीज तीच. शाळेतला नियमही सांगतो की दाब दुप्पट तर घर्षण दुप्पट. हा नियम आमोंतों या फ्रेंच संशोधकाने 1699 साली मांडला आणि लाकूड, लोखंड वगैरेंना तो बऱ्यापैकी लागू पडतो. रबर मात्र तो पाळत नाही, आणि माझ्या मते मोटारीच्या सगळ्या शास्त्रात याहून मजेदार गोष्ट नाही.

खरखरीत शहाबादी फरशीवर कणकेचा गोळा ठेवा. हलकेच दाबला की कणीक वरवरच्या खळग्यांत शिरते. आणखी दाबला की बारीक खळगेही भरतात. त्यानंतर कितीही जोर लावा, शिरायला जागाच उरत नाही. डांबराच्या खडीवर रबराचं असंच होतं. पहिल्या शंभर किलोंना भरपूर पकड मिळते, पुढच्या शंभरांना थोडी कमी, त्यापुढच्यांना आणखी कमी. समजा 225 किलो भाराखाली एक टायर 200 किलोंचा आडवा जोर सोसतो. एकाच जोडीतल्या दोन टायरवर सारखा भार असेल तर जोडीने 400. आता वळणावर एकावर 300 आणि दुसऱ्यावर 150 झाले. 300वाला सोसतो 250 आणि 150वाला 140. बेरीज 390. भार तेवढाच राहिला, पकड मात्र दहाने घटली. एकाने कमावलं त्यापेक्षा दुसऱ्याने जास्त गमावलं.

म्हणजे ज्या जोडीत भाराची अदलाबदल जास्त, ती जोडी आधी घसरणार. एकूण भार किती सरकला यापेक्षा तो पुढच्या आणि मागच्या जोडीत कसा वाटला गेला, यावर गाडीचा स्वभाव ठरतो. पुढची जोडी आधी सुटली तर स्टिअरिंग फिरवूनही गाडी वळणाबाहेर सरळ ओढली जाते. मागची आधी सुटली तर शेपूट फिरतं. पहिल्या प्रकारात पाय ॲक्सिलरेटरवरून आपसूक उठतो आणि बहुधा निभावतं. दुसऱ्यात सराईत हातही गडबडतात. म्हणून कंपन्या मुद्दाम पहिल्या स्वभावाची गाडी बनवतात.

आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांचं इंजिन पुढे, ओढणारी चाकंही पुढची. त्या बिचाऱ्या पुढच्या जोडीवर आधीच सगळी कामं. तिला जरा दिलासा मिळावा म्हणून मागची बाजू थोडी ताठ, म्हणजे वळणात झुकण्याला जास्त विरोध करणारी, ठेवतात. जी बाजू जास्त विरोध करते तिच्यातच भार जास्त सरकतो, म्हणून अदलाबदलीचा मोठा वाटा मागे जातो. पहिल्या पिढीच्या फोक्सवॅगन गोल्फचे शर्यतीतले फोटो पाहा. वळणावर आतलं मागचं चाक चक्क हवेत असतं, कुत्र्याने खांबाशी पाय उचलावा तसं. तो अपघात नव्हे. त्या चाकाकडे देण्यासारखा भार उरलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आता भाच्याचे स्पेसर. छोट्या गाडीत मागे बहुधा पिळला जाणारा आडवा दांडा असतो. चाकं बाहेर आली तरी स्प्रिंगा जागच्या जागी, त्यामुळे मागचा ताठपणा जवळजवळ तोच, पण चाकोरी रुंद. परिणाम असा की मागच्या जोडीतली अदलाबदल कमी झाली, तिची पकड किंचित वाढली आणि पुढची जोडी तुलनेने दुबळी ठरली. म्हणजे ताम्हिणीत गाडी आधीपेक्षा जास्त बाहेर ओढणार, थोडीशीच, पण त्याला हवं होतं त्याच्या उलट! फक्त पुढे लावले असते तर प्रकरण आणखी गुंतागुंतीचं. तिथे चाक एका आडव्या हाताच्या टोकाला असतं. टोक लांबलं की अडकित्त्याच्या लांब दांड्यासारखी तरफ वाढते आणि त्याच स्प्रिंगा चाकाला मऊ वाटू लागतात. हात 35 सेंटिमीटरचा धरला तर 2 सेंटिमीटरने स्प्रिंग सुमारे 10 टक्के मऊ. मग पुढची बाजू झुकण्याला कमी विरोध करते, वाटा मागे ढकलला जातो आणि पावसात शेपूट फिरण्याची शक्यता वाढते. (इथे भाच्याने मोबाइल काढला.)

नॅनोचं इंजिन मागे होतं, म्हणून वजन मागे, म्हणून शेपूट फिरायची भीती. त्यावर उपाय चाकोरीत फारसा दिसत नाही, टायरात दिसतो: पुढे 135 मिलिमीटर रुंदीचे आणि मागे 155. पुढचे टायर बघून लोकांना ती काटकसर वाटे.

याच्या दुसऱ्या टोकाला 1955ची फ्रेंच सित्रोएन डीएस. पुढची चाकोरी मागच्यापेक्षा सुमारे 20 सेंटिमीटरने रुंद, कारण इंजिनाचा भार पुढे आणि मागे निमुळती होत जाणारी बॉडी. इसेटा नावाच्या अंड्याच्या आकाराच्या गाडीची मागची चाकोरी तर अर्ध्या मीटरच्या आसपास. चाकं इतकी जवळ, की डिफरन्शियलच (वळणावर दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग) लागला नाही.

आणि आपली रिक्षा! पुढची चाकोरी शून्य. एकाच चाकात अदलाबदल कुणाशी करणार? सगळी अदलाबदल मागची जोडी झेलते. शिवाय बैठक त्रिकोणी. मागची चाकं 115 सेंटिमीटरवर आणि गुरुत्वमध्य मागून एक तृतीयांश अंतरावर धरला, तर कलंडायला आडवे आहेत ते 57 सेंटिमीटर नव्हेत, फक्त 38. वळणात ब्रेक दाबला की जोर त्रिकोणाच्या निमुळत्या टोकाकडे सरकतो आणि तेवढेही उरत नाहीत. अनुभवी रिक्षावाला ब्रेक वळणाआधीच मारतो, तो उगाच नव्हे.

भाच्याच्या गाडीला आरशाखाली लिंबू-मिरचीही लटकते. त्यातलं लिंबू चाकाखाली चिरडलं, तर क्षणभर पकड कमीच होईल. "रेसिंगचं तंत्रज्ञान" असं छापलेला स्पेसरचा खोका आणि ते लिंबू मी एकाच फळीवर ठेवतो.

संध्याकाळी त्याने स्पेसर काढले. टपावरचं कॅरिअर काढायला मात्र तयार नाही, दिवाळीत कोकणातून तांदळाचं पोतं आणायचंय म्हणे.