लहान ट्रॅक्टरचा जादा हायड्रोलिक पंप: आधी लिटर, मग बार

निफाड, दिंडोरी, पिंपळगाव बसवंत या पट्ट्यातील द्राक्षबागांमध्ये दोन ओळींतून सहज निघेल असा लहान, अरुंद ट्रॅक्टरच उपयोगी पडतो. त्याची मूळ हायड्रोलिक यंत्रणा मुख्यतः मागची अवजारे उचलण्यापुरती असते. शेणखताची ट्रॉली जॅकवर उलटवायची किंवा पुढे लोडर बसवायचा म्हटला की ती अपुरी पडू लागते आणि नाशिकच्या सातपूर-अंबड भागातील वर्कशॉपमध्ये जादा पंपाची चौकशी सुरू होते. तिथे पहिला प्रश्न बहुधा 'किती बारचा (म्हणजे किती दाबाचा) पंप आहे?' असा असतो, आणि माझ्या मते निवड चुकण्याची सुरुवात तिथूनच होते.

या कामासाठी सहसा गिअर पंप वापरतात. एका घट्ट कवचात एकमेकांत अडकलेली दोन दातेरी चाके फिरतात आणि प्रत्येक फेऱ्याला तेलाचे ठरावीक आकारमान पुढे ढकलतात; पंपाच्या पाटीवरचा 'सीसी' हा आकडा तेच आकारमान सांगतो. पंप देतो तो प्रवाह. दाब तयार होतो तो त्या प्रवाहाला पुढे जेवढा अडथळा होतो त्यानुसार. जॅकवर भार नसेल तर कितीही दणकट पंप लावला तरी मीटरचा काटा फारसा हलत नाही. विहिरीवरच्या मोटरपंपाचा व्हॉल्व्ह बंद केला तर आतले पाणी काही काळ जागच्या जागी घुसळत राहते. गिअर पंपाला मात्र ती सवलत नाही, वाट बंद झाली की दाब क्षणात चढतो आणि रिलीफ व्हॉल्व्ह (दाब मर्यादेपलीकडे गेला की तेल परत सोडणारी झडप) नसेल तर होज, सील किंवा खुद्द पंप फुटतो. पाटीवरचे बार म्हणजे पंप किती दाब सोसू शकतो याची मर्यादा होय.

म्हणून हिशोब कामापासून मागे करत यावा. ट्रॉलीच्या जॅकचा आतील व्यास 100 मिमी आणि उचल एक मीटर आहे असे धरू. त्याच्या दट्ट्याचे क्षेत्रफळ सुमारे 78.5 चौरस सेंमी येते, म्हणजे 150 बार दाबाला तो जवळपास 12 टनांचा जोर लावतो. हा आकडा मोठा वाटला तरी ट्रॉली आडवी असताना जॅकचा कोन प्रतिकूल असतो. सर्वाधिक जोर सुरुवातीलाच लागतो आणि ट्रॉली वर जाऊ लागली की दाब उतरत जातो. जॅक पूर्ण उघडायला सुमारे 7.9 लिटर तेल लागते. ते 20 सेकंदांत पोहोचवायचे, तर मिनिटाला साधारण 24 लिटर प्रवाह हवा. मिनिटाच्या लिटरना बारने गुणून 600 ने भागले की किलोवॅट मिळतात: येथे 6. पंपातील गळती आणि घर्षण धरले, तर पीटीओवरून (ट्रॅक्टरच्या मागचा, अवजारे चालवणारा फिरता दांडा) सुमारे 9 एचपी काढून घेतले जातात. 24 एचपीच्या ट्रॅक्टरला काही सेकंदांसाठी हे झेपते. तेवढाच प्रवाह आणि दाब लागणारी हायड्रोलिक मोटर दिवसभर चालवायची असेल, तर इंजिनाचा आणि डिझेलचा विचार वेगळा करावा लागेल.

पीटीओचा प्रमाण वेग मिनिटाला 540 फेरे असतो. थेट जोडलेल्या पंपाला 24 लिटरसाठी जवळपास 47 सीसीचा आकार लागेल, आणि असा पंप जड व महाग पडतो. एकास तीन वेग वाढवणारा गिअरबॉक्स मध्ये घातला की 16 सीसीचा पंप पुरतो.

खरी कसोटी उष्णतेची आहे. जॅक टोकाला पोहोचल्यावरही लिव्हर ओढून धरला, तर सगळे तेल रिलीफ व्हॉल्व्हमधून परत येते आणि ते 6 किलोवॅट निव्वळ तेल तापवण्यात जातात. टाकीत 40 लिटर तेल असेल, तर त्याचे तापमान दर मिनिटाला सुमारे 5 अंशांनी वाढते. एप्रिलमध्ये 38-40 अंशांवर सुरुवात केलेले तेल आठ मिनिटांत 80 अंशांवर जाईल. तिथे ते पातळ होते, गळती वाढते आणि सील कडक होऊ लागतात. त्यामुळे गरजेपेक्षा मोठा पंप 'असू द्या, पुढे उपयोगी पडेल' म्हणून घेणे शहाणपणाचे नाही. अनेक ट्रॅक्टरांत गिअरबॉक्स आणि हायड्रोलिकचे तेल एकच असते. त्यातून जॅकसाठी 8 लिटर उपसण्यापेक्षा फिल्टरसह वेगळी टाकी बसवलेली बरी.

पंपाकडे तेल नेणाऱ्या पाइपाकडे मात्र दुर्लक्ष होते. तेथे तेलाचा वेग सेकंदाला एक मीटरच्या आसपास राहावा, म्हणजे 24 लिटरसाठी आतून 25 मिमीचा पाइप हवा. अर्धा इंची पाइप लावला तर वेग तिपटीहून अधिक होतो, तेलात पोकळ्या तयार होऊन फुटतात, पंप खडखडतो आणि दातेरी चाकांवर व कवचावर खड्डे पडतात.

शेवटी फिरण्याची दिशा. ट्रॅक्टरच्या मागे उभे राहून पाहिल्यास पीटीओ घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो, पण पंपाची दिशा त्याच्या शाफ्टच्या बाजूने पाहून लिहिलेली असते. म्हणून थेट जोडणीला डाव्या फेऱ्याचा पंप लागतो, आणि दोन चाकांचा साधा गिअरबॉक्स मध्ये आला की उजव्या फेऱ्याचा. ऑर्डर देण्यापूर्वी ही दिशा कागदावर लिहून घ्यावी, कारण उलटा फिरवलेला पंप पहिल्याच दिवशी शाफ्टचे सील बाहेर फेकू शकतो.