नात्तो: एका नावाखालचे दोन पदार्थ आणि घरच्या विरजणाची पार्श्वभूमी

नात्तो हा सोयाबीनपासून बनणारा जपानी पदार्थ हजार वर्षांपासून खाल्ला जातो, असे सांगण्याची पद्धत आहे. मात्र हजार वर्षे नेमका कोणता नात्तो खाल्ला गेला, हे स्पष्ट केल्याशिवाय त्या विधानाला फारसा अर्थ राहत नाही. जपानी भाषेत या एकाच नावाने दोन अगदी वेगळे पदार्थ ओळखले जातात. एक आपल्या परिचयाचा, तार सुटणारा, जिवाणूंनी तयार होणारा. दुसरा कोजी बुरशीवर वाढवून मिठाच्या पाण्यात महिनोन्‌महिने मुरवलेला आणि मग वाळवलेला, काळपट, खारट, ज्याला तार मुळीच नसते. हामामात्सु परिसरातील हामा-नात्तो आणि क्योतोतील दाइतोकुजी-नात्तो हे या दुसऱ्या प्रकाराचे असून त्यांचे नाते चीनच्या खारवलेल्या काळ्या सोयाबीनशी आहे. हा प्रकार मंदिरांच्या स्वयंपाकघरांत बनत असे आणि मंदिराच्या कोठीला ‘नाश्शो’ म्हणत, त्यावरून ‘नात्तो’ हे नाव पडले, अशी एक व्युत्पत्ती दिली जाते. ती बरोबर मानली, तर हे नाव मुळात तार नसलेल्या पदार्थाचे ठरते आणि तारेचा नात्तो त्याचा नंतरचा वाटेकरी.

घोळ पहिल्याच लेखी उल्लेखापासून सुरू होतो. 11व्या शतकातील एका ग्रंथात खाद्यपदार्थांच्या यादीत ‘शिओकारा-नात्तो’ अशी चार चिन्हे सलग येतात. जुन्या लेखनात विरामचिन्हे नसल्यामुळे ती ‘खारट नात्तो’ अशी जोडून वाचायची, की ‘शिओकारा’ (खारवून मुरवलेली मासळी) आणि ‘नात्तो’ असे दोन पदार्थ मानायचे, यावर एकमत नाही. जोडून वाचले तर उल्लेख मंदिरातल्या खारट प्रकाराचा होतो. तोडून वाचले तर तारेच्या नात्तोला जागा उरते, पण पुरावा मिळत नाही. प्रस्तुत लेखकाला जोडून वाचणे अधिक सयुक्तिक वाटते. त्याच शतकातील उत्तरेकडच्या युद्धात (1083 ते 1087) घोड्यांसाठी उकडलेले सोयाबीन भाताच्या पेंढ्यात बांधून नेले, ते वाटेत उबले आणि सैनिकांनी चाखून पाहिले, ही दंतकथा सर्वांना ठाऊक आहे. ती पदार्थाच्या घडणीचे वर्णन अचूक करते; उबदार सोयाबीन, पेंढा आणि घोड्याच्या अंगाची ऊब एकत्र आल्यावर असेच काहीसे होईल. परंतु कथा शास्त्रदृष्ट्या पटण्याजोगी असली, म्हणून ती घडली असे होत नाही.

तारेच्या नात्तोचा भक्कम आणि मनोरंजक पुरावा त्याहून पुष्कळ नंतरचा, 15व्या शतकाच्या आसपासचा आहे. शाकाहारी आणि मासळीचे पदार्थ यांच्यात युद्ध जुंपल्याच्या एका विनोदी कथेत शाकाहारी सैन्याचा एक वीर ‘नात्तो-तारो इतोशिगे’ या नावाने अवतरतो. ‘इतो’ म्हणजे धागा. ज्या वाचकांनी चॉपस्टिकवर नात्तोच्या तारा ओढल्या होत्या, त्यांनाच या नावातली गंमत कळणार. म्हणजे तोवर हा पदार्थ ओळखीचा झालेला होता.

घरगुती परंपरेच्या दृष्टीने सर्वांत मोलाची नोंद 19व्या शतकाच्या मध्यातली आहे. एदो (आजचे टोकियो) शहराच्या चालीरीती टिपणाऱ्या एका लेखकाने लिहिले आहे की सोयाबीन उबदार खोलीत रात्रभर ठेवून विक्रेते त्याचा नात्तो विकतात. पूर्वी तो फक्त हिवाळ्यात मिळे, अलीकडे उन्हाळ्यातही फिरून विकतात. लोक तो सूपात शिजवतात किंवा सोया सॉस घालून खातात. क्योतो आणि ओसाका भागात मात्र तो घरीच करतात, दुकानात विकायला नसावा. पश्चिम जपानला नात्तो माहीतच नव्हता या आजच्या समजुतीला ही छोटीशी नोंद छेद देते. तिथे बाजार नव्हता, पण घरात पदार्थ होता.

मराठीत आपण या प्रक्रियेला सहज ‘आंबवणे’ म्हणतो आणि तिथे आपलीही थोडी फसगत होते. दही किंवा इडलीचे पीठ खरोखर आंबते, म्हणजे त्यात आम्ल वाढते. नात्तोत उलटे घडते. जिवाणू सोयाबीनमधील प्रथिनांचे तुकडे करतात, अमोनिया सुटतो आणि पदार्थ अल्कधर्मी होतो, म्हणून चव आंबट न लागता खमंग लागते आणि वास तीव्र येतो. दह्याच्या सवयीने भांड्याला घट्ट झाकण लावले, तरी बिघडते, कारण या जिवाणूंना हवा लागते.

हे जिवाणू 1905-06 च्या सुमारास टोकियोत वेगळे करण्यात आले. तोवर विरजण म्हणजे पेंढाच होता. पेंढ्यावर त्यांचे बीजाणू मुळातच असतात आणि उकळत्या पाण्यातही ते टिकतात, म्हणून पेंढा आधी उकळून घेतला की इतर बरेच जंतू मरतात आणि हे उरतात. मात्र प्रत्येक वेळी तेवढेच उरतील याची खात्री नव्हती. एक घाणा उत्तम, तर दुसरा दुर्गंधीयुक्त आणि निकामी, असे होत असे. पहिल्या महायुद्धानंतरच्या वर्षांत साप्पोरो येथे शुद्ध विरजण आणि हवा खेळती राहील असा डबा, ही जोड तयार झाली आणि नात्तो पेंढ्यापासून सुटला. आज घरी चमचाभर तयार नात्तो गरम सोयाबीनवर घालून आपण जे करतो, ते या शंभर वर्षांच्या टप्प्याचे घरगुती रूप आहे, एदोच्या उबदार खोलीचे नव्हे. ज्याला प्राचीन पद्धतीने नात्तो लावायचा आहे, त्याला पेंढाच आणावा लागेल.

नात्तोसाठी मितो शहराची कीर्तीही याच काळातली आहे. 1889 मध्ये तिथे रेल्वे आली आणि पुढे स्थानकाच्या परिसरात प्रवाशांना पेंढ्यात बांधलेला नात्तो विकला जाऊ लागला. तिथल्या नाका नदीला शरदात पूर येत असल्याने शेतकरी लवकर येणारे, बारीक दाण्याचे सोयाबीन पेरत. तो बारीक दाणा भाताबरोबर घासात छान मिसळतो, आणि अडचणीतून निवडलेले हे वाण चवीचा मापदंड बनले.

त्यानंतरच्या घडामोडी वेगाने येतात. 1960 च्या दशकापासून थर्माकोलची छोटी डबी रुळली, सोबत सॉस आणि मोहरीच्या पुड्या आल्या. 1980 च्या दशकात रक्ताच्या गुठळ्या विरघळवणाऱ्या नात्तोकिनेझ या विकराचा शोध जाहीर झाला आणि पदार्थाला औषधी वलय लाभले. जानेवारी 2007 मध्ये एका दूरचित्रवाणी कार्यक्रमाने नात्तोने वजन घटते असे दाखवले. दुकानांतील फळ्या रिकाम्या झाल्या आणि काही दिवसांतच त्यातील आकडे बनावट असल्याची कबुली द्यावी लागली. या गदारोळात खरी महत्त्वाची सूचना मागे पडते. नात्तोत जीवनसत्त्व ‘के2’ भरपूर असते आणि ते वॉरफेरिन या रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधाचा परिणाम कमी करते, म्हणून ते औषध घेणाऱ्यांनी नात्तो खाऊ नये.

भारताच्या ईशान्येला याची भावंडे आहेत: सिक्कीम आणि दार्जिलिंगचा किनेमा, मणिपूरचा हवाइजार, मेघालयाचा तुंगरिंबाई, नागालँडचा अखुनी. महाराष्ट्र सोयाबीन पिकवण्यात आघाडीवर असूनही आपला दाणा मुख्यतः तेल आणि पेंडीकडे जातो. घरी करून पाहणाऱ्याने खाण्यासाठी विकलेला दाणाच घ्यावा. पेरणीच्या बियाण्याला औषध लावलेले असते. तो दाणा रात्रभर भिजवून, अंगठा आणि करंगळीत सहज चिरडेल इतका मऊ शिजवावा. विरजण तो गरम असतानाच घालावे, कारण बीजाणूंना ती उष्णता सोसते आणि भटक्या जंतूंना सोसत नाही. मग पातळ थर पसरून, सच्छिद्र कापडाने झाकून, 40 अंश सेल्सिअसच्या आसपास 20 ते 24 तास ठेवावे. दाण्यांवर पांढरट साय धरली की फ्रिजमध्ये एक रात्र जाऊ द्यावी. वास तेवढ्यात मवाळ होतो. फार दिवस ठेवल्यास अमोनिया वाढतो आणि टायरोसिन या अमिनो आम्लाचे पांढरे कण दाताखाली कचकचतात. आपल्याच नात्तोतून पुढचे विरजण काही फेऱ्या घेता येते, पण तार पातळ पडू लागली की नवी डबी आणावी.