सुटा गाभा, सीलबंद गाभा: अण्वस्त्रांच्या अपघातांची पार्श्वभूमी

१९८१ साली अमेरिकेच्या संरक्षण खात्याने एक यादी जाहीर केली. १९५० ते १९८० या काळात अण्वस्त्रांचे ३२ गंभीर अपघात झाल्याची कबुली तीत होती. याआधी १९६८ मध्ये निघालेल्या यादीत १३ अपघात होते. पुढे माहिती अधिकाराखाली बाहेर आलेल्या, अमेरिकेच्या अण्वस्त्रांवर काम करणाऱ्या सँडिया प्रयोगशाळेच्या एका जुन्या अभ्यासात तर १९५० ते मार्च १९६८ या काळात किमान १२०० अण्वस्त्रं लहानमोठ्या दखलपात्र घटनांत सापडल्याची नोंद निघाली. त्यातल्या बऱ्याच घटना किरकोळ होत्या, हे खरं. पण स्वतः बॉम्बची यंत्रणा बनवणाऱ्या अभियंत्यांनाही यांतल्या कितीतरी घटना वर्षानुवर्षं माहीत नव्हत्या. लष्कर त्या कळवतच नसे.

यांपैकी एकाही अपघातात अणुस्फोट झाला नाही. याचं श्रेय कुणी नशिबाला देतं, कुणी अभियंत्यांच्या कौशल्याला. दोन्हींत तथ्य आहे. मात्र इतिहास जरा वेगळ्या वळणाने गेला. सुरुवातीचे बॉम्ब बोजड, किचकट आणि वापरायला त्रासदायक होते, आणि म्हणूनच ते बऱ्यापैकी सुरक्षित होते. लष्कराच्या सोयीसाठी त्यांत सुधारणा झाल्या, तेव्हा ती सुरक्षितता गेली. ती परत मिळवायला पुढची तीसेक वर्षं लागली.

पहिल्या पिढीच्या बॉम्बमध्ये प्लुटोनियम किंवा युरेनियमचा गाभा वेगळा ठेवलेला असे. बाहेरचं अवजड कवच, त्यात साध्या स्फोटकांचा गोल, आणि गाभा मात्र स्वतंत्र पेटीत. लक्ष्याकडे निघाल्यावर विमानातच तो आत बसवायचा, अशी पद्धत होती. त्यामुळे फेब्रुवारी १९५० मध्ये कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यापाशी अमेरिकेच्या बी-३६ बॉम्बफेकी विमानाने संकटात सापडून बॉम्ब समुद्रात टाकला, तेव्हा फुटली ती फक्त साधी स्फोटकं. जुलै १९५६ मध्ये इंग्लंडमधल्या लेकनहीथ तळावर एक बी-४७ घसरत जाऊन थेट बॉम्बच्या कोठारावर आदळलं. आत तीन बॉम्ब होते, बाहेर विमानाचं इंधन पेटलं होतं. गाभे तिथे नव्हते, एवढीच जमेची बाजू.

११ मार्च १९५८ ला साउथ कॅरोलायनातल्या मार्स ब्लफ या वस्तीवर जे घडलं ते तर विनोदीच वाटलं असतं, जर त्यात माणसं जखमी झाली नसती तर. बॉम्ब जागेवर पक्का बसल्याची खूण दिसत नाही म्हणून विमानातला एक जण तपासायला खाली गेला. आधारासाठी त्याने हात घातला तो नेमका आणीबाणीत बॉम्ब सोडायच्या खिटीवर. बॉम्ब दारं तोडून खाली गेला आणि एका घराच्या परसात फुटला. मोठा खड्डा पडला, घर उद्ध्वस्त झालं, सहा जण जखमी झाले. या बॉम्बमध्येही गाभा नव्हता. त्याच्या महिनाभर आधीच जॉर्जियातल्या टायबी बेटाजवळ हवेतल्या टकरीनंतर टाकून दिलेला बॉम्ब अजूनही सापडलेला नाही. त्यात गाभा नव्हता, असं हवाई दल सांगतं. १९६६ मध्ये अमेरिकी काँग्रेसपुढे आलेल्या एका पत्रात मात्र त्याचा उल्लेख पूर्ण शस्त्र म्हणून झाला होता, आणि तो वाद तसाच राहिला.

पन्नासच्या दशकाच्या अखेरीस चित्र पालटलं. सोव्हिएत क्षेपणास्त्रं अर्ध्या तासात येऊन आदळतील, अशी भीती होती. तेवढ्या वेळात पेटी उघडून गाभा बसवत कोण बसणार? लष्कराला कोठारात वर्षानुवर्षं पडून राहील आणि हुकूम येताच चालेल असा बॉम्ब हवा होता. तंत्रज्ञानही त्याच दिशेने चाललं होतं. गाभ्यात ट्रिटियमसारखा वायू भरून कमी वजनात जास्त शक्ती मिळवण्याची रीत आली, आणि गाभा स्फोटकांच्या आत कायमचा सीलबंद झाला.

आता प्रश्न असा उभा राहिला, की विमान कोसळून स्फोटकं एखाद्या टोकाला फुटली तर गाभा दाबला जाऊन अणुस्फोट होईल का? त्यासाठी ठरवलेला निकष पुढे असा पक्का झाला: एका बिंदूवर स्फोटकं पेटली तर चार पौंड टीएनटी या साध्या स्फोटकापेक्षा जास्त अणुशक्ती बाहेर पडण्याची शक्यता दहा लाखांत एकापेक्षा कमी असावी. हे तपासणं सोपं नव्हतं. १९५८ ते १९६१ या काळात महासत्तांनी अणुचाचण्या थांबवल्या होत्या. तरी अमेरिकेच्या लॉस अलामोस अण्वस्त्र प्रयोगशाळेत अगदी क्षीण अणुशक्तीचे प्रयोग गुपचूप झाले. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी त्यांना परवानगी दिली होती, आणि चाचणीबंदीचं काय, असं कुणी विचारू नये म्हणून ते लपवले गेले. काही रचना या कसोटीला उतरत नव्हत्या, हे त्यातूनच कळलं.

ब्रिटनची तऱ्हा आणखी वेगळी. १९५८ मध्ये त्यांनी सेवेत आणलेल्या ‘व्हायोलेट क्लब’ बॉम्बमध्ये युरेनियमच्या पोकळ गोळ्यात हजारो पोलादी गोळ्या भरून ठेवत, म्हणजे अपघात झाला तरी गोळा आत चेपला जाऊ नये. उड्डाणाआधी तळाचं बूच काढून त्या सगळ्या बाहेर ओतायच्या. आणि त्या बाहेर आल्या की विमान आकाशात असताना सुरक्षिततेचा तो एकमेव उपायही संपला!

स्फोटकांचा प्रश्न असा बराचसा सुटला. वीजयंत्रणेचा प्रश्न मात्र सुटला नव्हता. २४ जानेवारी १९६१ च्या मध्यरात्रीनंतर नॉर्थ कॅरोलायनातल्या गोल्ड्सबोरोजवळ एका बी-५२ ला इंधनगळती लागली आणि ते हवेतच मोडलं. आठ जणांपैकी तिघे मरण पावले. आतले दोन मार्क-३९ हायड्रोजन बॉम्ब सुटून खाली गेले. त्यातल्या एकाचं पॅराशूट नीट उघडलं. विमानातून मुद्दाम टाकल्यावर बॉम्ब ज्या पायऱ्यांनी सज्ज होतो त्यातल्या बहुतेक पायऱ्या त्याने ओळीने पार केल्या. यंत्रणेच्या लेखी तो लक्ष्यावरच टाकला गेला होता. अडवलं ते वैमानिकाच्या हातातल्या सज्ज-सुरक्षित स्विचने, कारण तो ‘सुरक्षित’वर होता. सँडियामधले अभियंते पार्कर जोन्स यांनी १९६९ मध्ये याचा आढावा घेतला. अमेरिका आणि मोठा अनर्थ यांच्यामध्ये कमी व्होल्टेजचा एक साधा स्विच उभा होता, असा त्यांचा निष्कर्ष होता. ते टिपण २०१३ मध्ये लोकांसमोर आलं. दुसरा बॉम्ब पॅराशूट न उघडता चिखलात घुसला. त्याचा युरेनियमचा एक भाग अजून तिथेच जमिनीखाली आहे, आणि तिथे खोल खणायला मनाई आहे.

तेव्हा बी-५२ विमानं हायड्रोजन बॉम्ब घेऊन रात्रंदिवस आकाशात घिरट्या घालत. या गस्तीचं नाव ‘क्रोम डोम’. १७ जानेवारी १९६६ ला स्पेनच्या पालोमारेस गावावर त्यातलंच एक विमान हवेत इंधन भरताना टँकर विमानावर आदळलं. ११ पैकी ७ जण मेले. चारपैकी दोन बॉम्बची स्फोटकं जमिनीवर आदळून फुटली. अणुस्फोट झाला नाही, म्हणजे एका बिंदूची कसोटी इथे खरी उतरली. पण गाभा आत असल्यामुळे प्लुटोनियमची धूळ शेतांवर पसरली. गाभा सुटा असता तर असं झालं नसतं. चौथा बॉम्ब भूमध्य समुद्रात पडला. तो कुठे पडला हे फ्रान्सिस्को सिमो ओर्त्स नावाच्या कोळ्याने दाखवलं होतं. त्याच्यावर विश्वास बसायला वेळ लागला आणि बॉम्ब वर यायला ८० दिवस. सुमारे १४०० टन माती पिंपांत भरून साउथ कॅरोलायनाला गेली. पाणी निर्धोक आहे हे दाखवायला स्पेनचे मंत्री मॅन्युएल फ्रागा आणि अमेरिकी राजदूत अँजियर बिडल ड्यूक कॅमेऱ्यांसमोर समुद्रात पोहले. उरलेली दूषित माती काढण्याचा इरादा दोन्ही देशांनी २०१५ मध्ये पुन्हा लेखी जाहीर केला, म्हणजे तोवर ती तिथेच होती.

दोन वर्षांनी, २१ जानेवारी १९६८ ला, ग्रीनलंडच्या थुले तळापाशी कोसळलेल्या बी-५२ मध्ये आग लागली ती बैठकीच्या फोमच्या गाद्यांनी. कुणीतरी त्या गरम हवेच्या झरोक्याजवळ कोंबल्या होत्या. चारही बॉम्बची स्फोटकं बर्फावर फुटली. थुलेला क्षेपणास्त्रांची चाहूल देणारं रडार होतं. त्याचा संपर्क अचानक तुटला तर तो हल्ला की बिघाड, हे डोळ्यांनी पाहून सांगण्यासाठी एक विमान सतत त्याच्यावर फिरत ठेवलेलं असे. कोसळलं ते याच कामावरचं विमान. ते रडारवरच पडलं असतं तर अमेरिकेत बसलेल्यांना दिसलं असतं ते एवढंच: रडार बंद, पहारेकरी विमानही गप्प. त्यातून त्यांनी काय समजायचं? शिवाय डेन्मार्कचं धोरण आपल्या भूमीवर अण्वस्त्रं नकोत असं होतं. १९५७ मध्ये पंतप्रधान एच. सी. हान्सन यांनी अमेरिकेला गुपचूप मूकसंमती दिली होती, हे १९९५ मध्ये उघड झालं तेव्हा तिथे मोठं वादळ उठलं. क्रोम डोम मात्र १९६८ मध्येच बंद झालं.

याच वर्षी बॉम्ब चुकून फुटण्याची शक्यता किती चालेल याचे आकडे अमेरिकेत ठरले: नेहमीच्या परिस्थितीत बॉम्बच्या आयुष्यभरात एक अब्जात एक, अपघातात दहा लाखांत एक. ठरवणं सोपं होतं. सँडियात स्टॅन स्प्रे या अभियंत्याने बॉम्बचे सुटे भाग जाळले, चिरडले आणि मग त्यांतून वीज कशी वाहते ते पाहिलं. विजेला अडवणारं प्लास्टिक करपलं की स्वतःच वाहक होत होतं. म्हणजे आगीत बॉम्ब काय करेल, हे वीजजोडणीच्या आराखड्यावरून सांगता येत नव्हतं. यावर जो उपाय निघाला तो हुशारीचा होता. स्फोटाकडे जाणारी वीज एका पक्क्या कोषात बंद करायची. त्यात शिरायचा मार्ग एकच, आणि तो उघडणारी कडी अपघातात चुकूनही उमटणार नाही अशा ठरावीक संकेतानेच सरकेल. शिवाय आतला एक भाग मुद्दाम कमकुवत, म्हणजे आगीत सगळ्यांत आधी तोच निकामी होणार आणि बॉम्ब मुका पडणार. १९७७ च्या सुमारास ही रचना असलेले बॉम्ब दाखल होऊ लागले.

मग जुन्यांचं काय? नोव्हेंबर १९७४ मध्ये सँडियाचे उपाध्यक्ष ग्लेन फाउलर यांनी अणुऊर्जा आयोगाला पत्र लिहून सांगितलं, की साठ्यातली जुनी शस्त्रं बदला किंवा सेवेतून काढा. त्यामागे सँडियातलेच अभियंते बॉब प्युरिफॉय यांची चिकाटी होती. लष्कराला मात्र नवी शस्त्रं हवी होती. जुन्यांवर पैसा घालायची कुणाला उत्सुकता नव्हती. ते पत्र फायलींतून हलायला वर्षं गेली. माझ्या मते या साऱ्या इतिहासातला सर्वांत लाजिरवाणा भाग हाच आहे. धोका माहीत होता, उपाय हाती होता, आणि तरीही थांबणं सोयीचं वाटलं.

त्या थांबण्याची परीक्षा १८ सप्टेंबर १९८० च्या संध्याकाळी आर्कान्सातल्या डमास्कसजवळ झाली. टायटन-२ क्षेपणास्त्राच्या भुयारात काम करताना तंत्रज्ञाच्या पान्याचा काही किलोंचा सॉकेट निसटला, वीसेक मीटर खाली पडला, उसळला आणि इंधनाची टाकी फोडून गेला. काही तासांनी, १९ तारखेच्या पहाटे, भुयाराचा शेकडो टनांचा दरवाजा उडवणारा स्फोट झाला. एक जवान मरण पावला, २१ जखमी झाले. टोकावरचं ९ मेगाटनचं अस्त्र बाहेर भिरकावलं गेलं आणि फुटलं नाही. ते जुन्याच रचनेचं होतं. क्षेपणास्त्रावर खरंच अण्वस्त्र होतं का, याचं सरळ उत्तर राज्याच्या अधिकाऱ्यांनाही मिळत नव्हतं.

१९९० मध्ये भौतिकशास्त्रज्ञ सिडनी ड्रेल यांच्या समितीने काँग्रेसला सांगितलं की सुरक्षितता अजून अपुरी आहे. त्याच सुमारास बी-५२ वर सज्ज ठेवलेली एसआरएएम ही कमी पल्ल्याची अण्वस्त्रधारी क्षेपणास्त्रं संरक्षणमंत्री डिक चेनी यांनी उतरवायला लावली. फाउलर यांच्या पत्राला तेव्हा सोळा वर्षं होत आली होती.

सोव्हिएत बाजूचा इतिहास मुख्यतः पाणबुड्यांतून कळतो, कारण बुडालेली पाणबुडी लपवणं अवघड. मार्च १९६८ मध्ये के-१२९ पॅसिफिकमध्ये गेली. एप्रिल १९७० मध्ये के-८ बिस्केच्या उपसागरात ५२ जणांसह गेली. ऑक्टोबर १९८६ मध्ये बर्म्युडाजवळ के-२१९ च्या क्षेपणास्त्राच्या नळीत समुद्राचं पाणी शिरून स्फोट झाला. तिन्हींमध्ये अण्वस्त्रं होती. जमिनीवरच्या अपघातांची तशी अधिकृत यादी मॉस्कोने दिलेली नाही. ब्रिटनने २००३ मध्ये सात अपघात मान्य केले.

यंत्रं सुधारली तरी माणसं राहतातच. ऑगस्ट २००७ मध्ये अमेरिकेच्या मायनॉट तळावरून सहा क्षेपणास्त्रं बार्क्सडेलला गेली. सहाही अण्वस्त्रांनी भरलेली होती आणि सुमारे ३६ तास हे कुणाच्याच लक्षात आलं नाही. आधीच्या सगळ्या तपासण्या कागदावर झाल्या होत्या. पुढच्या वर्षी हवाई दलाचे मंत्री आणि प्रमुख दोघांनाही पायउतार व्हावं लागलं.

भारत आणि पाकिस्तान यांनी फेब्रुवारी २००७ मध्ये अण्वस्त्रांच्या अपघातांची माहिती एकमेकांना देण्याचा करार केला. त्याआधी २००५ मध्ये बॅलिस्टिक क्षेपणास्त्रांच्या चाचण्या आधी कळवायचं ठरलं होतं. ९ मार्च २०२२ ला भारतातून चुकून सुटलेलं ब्रह्मोस पाकिस्तानात मियाँ चन्नूजवळ पडलं. ते क्रूझ प्रकारचं आणि स्फोटकाविना होतं, जीवितहानी झाली नाही. पण लगेच कळवलं का नाही, हा पाकिस्तानचा आक्षेप राहिला. भारताने दोन दिवसांनी तांत्रिक बिघाड झाल्याचं सांगितलं आणि ऑगस्टमध्ये हवाई दलाच्या तीन अधिकाऱ्यांना बडतर्फ केलं.

या दोन्ही देशांत शांतताकाळात अस्त्र आणि क्षेपणास्त्र वेगळं ठेवतात, असं अभ्यासक बराच काळ सांगत आले आहेत. म्हणजे पन्नासच्या दशकातला तो जुना, बोजड उपायच. मात्र जानेवारी २०१५ पासून अग्नी-५ च्या चाचण्या बंद डब्यातून, म्हणजे अस्त्र आधीच बसवून ठेवता येईल अशा रीतीने, होऊ लागल्या, आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये अरिहंत पाणबुडीची पहिली गस्त पूर्ण झाल्याचं जाहीर झालं. समुद्राखाली महिनाभर राहणाऱ्या क्षेपणास्त्राचं अस्त्र किनाऱ्यावर ठेवून चालत नाही.